जुन्या गाडीचा दुसरा गिअर

आमच्या घरी २००४ सालची मारुती ८०० आहे. अब्बांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली, एक रुपयाही कर्ज न काढता. अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली, अल्लाह त्यांची मगफिरत करो. गाडी मात्र अजून घरात आहे आणि रोज कामाला येते. मारुंजीहून चिंचवडला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, ती अम्मीला डायलिसिससाठी नेते आणि आणते. माझे मिस्टर चाकणच्या कंपनीत पाळीवर असतात, त्यामुळे गाडी चालवणं माझ्याकडे. सकाळची पाळी शाळेतून मागून घेतली नव्हती, म्हणून डायलिसिसची वेळ पहाटेची घेतली. मी सव्वासहाला अम्मीला सोडते, भाचा तिच्याजवळ थांबतो आणि मी शाळेत उर्दू आणि मराठीचे तास घेऊन परत तिला घ्यायला जाते.

कोणी म्हणेल, कॅब मिळते की. मिळते, पण पहाटे ठरवलेली कॅब पाच मिनिटं आधी रद्द होते तेव्हा काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. डायलिसिस होऊन बाहेर येताना अम्मीचा रक्तदाब उतरलेला असतो, तिला मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं. आपल्या गाडीत उशी असते, चादर असते, लाज वाटत नाही. आणि डायलिसिस एक खेप चुकवून चालत नाही. शरीरात पाणी आणि पोटॅशियम साचत राहतं, श्वास लागतो, हृदयावर ताण येतो. म्हणून आमच्या घरात गाडीची तब्येत आणि अम्मीची तब्येत एकाच दमात विचारली जाते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत, एका मंगळवारी, परत येताना भूमकर चौकात गाडीचा दुसरा गिअर आपोआप निघून न्यूट्रलवर आला. पुन्हा टाकला, पुन्हा निघाला. पुढे लक्ष्मी चौकाजवळ तर गिअरची दांडी पातेल्यातल्या पळीसारखी गोल फिरायला लागली. पहिला कुठे, तिसरा कुठे, काही हाताला लागेना. तिसऱ्यात टाकून, क्लच सांभाळत, कशीबशी गाडी घरापर्यंत आणली. पुढचा डायलिसिस शुक्रवारी पहाटे. मधे दोन दिवस.

त्याच संध्याकाळी एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने खिडकीतून हात घालून दांडी हलवली आणि निकाल दिला, ‘गिअरबॉक्स गेला. सगळं मिळून अडतीस हजार. त्यापेक्षा गाडी भंगारात द्या आणि नवी घ्या, हप्ता बसवून देतो.’ बॉनेट उघडलं नाही, खाली वाकून पाहिलं नाही. अडतीस हजार ही रक्कम आमच्या गाडीच्या आजच्या किमतीच्या आसपासची. आणि हप्ता म्हणजे व्याज. अब्बांनी आयुष्यभर व्याजापासून घर लांब ठेवलं. त्यांच्याच गाडीच्या बदल्यात ते घरात आणायला मन तयार होईना.

बुधवारी सकाळी भाच्याने त्याच्या ओळखीच्या एका उस्तादांना आणलं. वय साठीच्या पुढे, दाढी पांढरी, हाताच्या रेषांत काळं ऑइल कायमचं मुरलेलं. त्यांनी शिकाऊ म्हणून मुंबईत सुरुवात केली ती प्रीमियर पद्मिनीवर. ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला माहीत होती. ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. जुन्या पद्मिनीत गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ असायची, तिथून सळया आणि सांधे खाली गिअरबॉक्सपर्यंत जायचे. उस्ताद म्हणाले, ‘त्या सळयांनी मला शिकवलं. दांडी वेगळी, डबा वेगळा. आपा, डबा बाद में. पहले दांडी देखेंगे.’

ही गोष्ट मला माहीत नव्हती आणि बहुतेक वाचक भगिनींनाही नसेल, म्हणून सांगते. आपण जी दांडी हलवतो ती गिअरबॉक्सच्या आत नसते. मारुती ८०० मध्ये इंजिन पुढे आडवं बसवलेलं आहे आणि गिअरबॉक्स त्याच्या बाजूला बोल्टने जोडलेला. दांडी आहे दोन सीटांच्या मधे. दांडीपासून गाडीच्या पोटाखालून एक लांब सळई पुढे जाते आणि गिअरबॉक्सला सांगते की आता पहिला टाक, आता दुसरा. जिथे जिथे सांधा आहे तिथे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे बुश असतात. वीस वर्षांत ते झिजतात, उन्हाने आणि चिखलाने कडक होऊन तुटतात. मग हात एक सांगतो आणि सळईपर्यंत दुसरंच पोहोचतं.

उस्तादांनी गाडी जॅकवर चढवली, स्टँड लावले, हाताने हलवून गाडी पक्की बसल्याची खात्री केली आणि मगच खाली गेले. भाच्याला सीटवर बसवून म्हणाले, ‘हळूहळू दांडी हलव.’ दांडी दीड-दोन इंच हलत होती आणि खाली सळई जागची हलत नव्हती. मला वाकून पाहायला लावलं. एका सांध्यातला बुश पूर्ण नाहीसा झाला होता, लोखंडावर लोखंड खेळत होतं. दांडीच्या बुडाशी जो गोळा असतो, त्याची प्लॅस्टिकची वाटीही तडकली होती. नवे बुश, वाटी आणि वरचं रबरी आवरण, सगळं मिळून साडेचारशे रुपये. दुपारपर्यंत काम झालं. दांडी सरळ उभी राहिली, प्रत्येक गिअर आपल्या जागी लागायला लागला.

मी तर शुक्राने अदा करायच्या तयारीत होते. उस्ताद म्हणाले, थांबा. त्यांनी गाडी कासारसाईच्या दिशेने चढावर नेली. दुसऱ्या गिअरवर जोर दिला, पाय सोडला, आणि गिअर निघाला. आता मात्र सळईचा दोष नव्हता. त्यांनी गिअरबॉक्सचं ऑइल थोडं काढून भाच्याच्या तळहातावर घेतलं आणि उन्हात धरलं. त्यात पितळी चमकी होती आणि एक-दोन लोखंडी कणही. चमकी म्हणजे पितळी रिंग झिजल्याची खूण. गिअर बदलताना दोन चाकांचा वेग सारखा करायचं काम ही रिंग करते, आणि ती झिजली की गिअर खरखरतो. लोखंडी कण म्हणजे दात किंवा बेअरिंग गेल्याची खूण. दातांच्या कडा गोल झाल्या की गिअर जागेवर टिकत नाही, बाहेर फेकला जातो.

दुसराच का गेला? उस्तादांनी समोरच्या रस्त्याकडे बोट दाखवलं. आमच्या मारुंजीला लागून हिंजवडीचं राजीव गांधी आयटी पार्क आहे. पंचवीस वर्षांपूर्वी जिथे भातखाचरं आणि ज्वारीची रानं होती, तिथून आता रोज सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग सरकते. पहिला, दुसरा, ब्रेक. पुन्हा पहिला, दुसरा, ब्रेक. चौथ्या गिअरची पाळी क्वचित येते. शहर जसं वाढतं तशी गाडी झिजते.

इथे मला माझा वर्ग आठवला. उर्दू माध्यमातलं एखादं मूल मराठीच्या तासाला गप्प बसतं. काही शिक्षक पहिल्याच आठवड्यात निकाल देतात, याच्या डोक्यात काही जात नाही. पण कधी मुलाला उत्तर येत असतं आणि प्रश्नच त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. मधला सांधा, म्हणजे भाषा, तिथे झीज असते. तोच प्रश्न उर्दूत विचारला की मूल भराभर सांगतं. आणि कधी प्रश्न नीट पोहोचूनही उत्तर येत नाही, तेव्हा धडा पुन्हा पहिल्यापासून शिकवावा लागतो. दोन्हीला वरून दिसणारं लक्षण एकच. खाली वाकून पाहिल्याशिवाय फरक कळत नाही.

आता प्रश्न गिअरबॉक्सचा. तो उघडून आतली रिंग, बेअरिंग, गिअर बदलता येतात, पण सगळे भाग मिळायला आठवडा गेला असता. मारुती ८०० ची पहिली चावी १४ डिसेंबर १९८३ रोजी दिली गेली आणि उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं. मधल्या तीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. त्यामुळे भंगारात निघालेल्या गाड्यांचे चांगले गिअरबॉक्स अजून मिळतात. फक्त जोड नीट पाहावी लागते. मारुतीच्या व्हॅनमध्येही ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचंच इंजिन आहे, पण व्हॅनची मागची चाकं ओढतात आणि ८०० ची पुढची. म्हणून व्हॅनचा गिअरबॉक्स ८०० ला लागत नाही.

बुधवारी संध्याकाळी भाचा आणि उस्ताद एका भंगारवाल्याकडे गेले. पाच हजारांत गिअरबॉक्स, दिसायला स्वच्छ. कोणत्या गाडीचा, विचारलं तर तो म्हणाला, ‘तुम्हाला गाडीशी काय करायचंय, माल बघा.’ बिल नाही. भाच्याने तिथूनच फोन केला, ‘खाला, उद्याचा एकच दिवस आहे, घेऊन टाकू का?’ फोन स्पीकरवर होता. अम्मीने ऐकलं. ती पलंगावरून म्हणाली, ‘चोरीच्या गाडीचा असेल तर? त्या गाडीत बसून मी दवाखान्यात जायची नाही. रिक्षाने जाईन.’ ती हे रागाने बोलली नाही. तिचे पाय सुजलेले होते आणि शुक्रवार तिलाच गाठायचा होता. उस्ताद पलीकडून एवढंच म्हणाले, ‘अम्मी सही बोल रही है.’ आणि दोघं रिकाम्या हाताने परत आले.

गुरुवारी सकाळी पुण्यात नाना पेठेत गेले. जुन्या-नव्या सुट्या भागांची ही पुण्यातली नावाजलेली बाजारपेठ. तिथल्या एका दुकानदाराने सात हजार सांगितले, पण सोबत बिल दिलं, बिलावर ज्या गाडीतून काढला तिचा चेसिस नंबर लिहिला आणि त्या गाडीच्या आरसीची प्रत दाखवली. पंधरा दिवसांत बिघडला तर बदलून देण्याचा शब्द दिला. उस्तादांनी तिथेच तपासणी केली. आत जाणारा शाफ्ट बोटांनी फिरवून चारही गिअर आणि रिव्हर्स एकेक टाकून पाहिले. शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगची ढिलाई पाहिली. बोल्टच्या कानांना तडा आहे का, ते नखाने चाचपलं. उरलंसुरलं ऑइल कागदावर टिपून त्यात चमकी शोधली. मगच पैसे दिले.

दुपारी बाराला काम सुरू झालं. बॅटरीची तार सुटली, जुनं ऑइल निघालं. क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर, स्टार्टर, गिअरची सळई, एकामागून एक सगळं सुटं झालं. भाच्याने प्रत्येक बोल्ट कुठला ते पुठ्ठ्यावर लिहून त्याच पुठ्ठ्यात खोचून ठेवला. उस्ताद हसले, पण नाही म्हणाले नाहीत. पुढची चाकं काढली, दोन्ही बाजूंचे ड्राइव्ह शाफ्ट ओढून काढले, इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला आणि गिअरबॉक्स दोघांनी मिळून खाली उतरवला.

गिअरबॉक्स खाली आला की क्लच समोर दिसतो. उस्तादांचा नियम असा की एवढी मेहनत करून इथपर्यंत आलो आहोत तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आत्ताच बदलायचं, शाफ्टची ऑइल सीलंही. नाहीतर सहा महिन्यांनी त्याच कामासाठी पुन्हा सगळं उतरवावं लागतं आणि मजुरी दुप्पट जाते. नवी क्लच प्लेट बरोबर मध्यावर बसवावी लागते. त्यासाठी त्यांनी एका जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवला होता. तो मधे घालून प्लेट कसली. मध्य चुकला तर गिअरबॉक्स इंजिनला जाऊन बसतच नाही, कितीही ढकला.

ऑइल भरताना उस्तादांनी डबा वाचायला भाच्याच्या हातात दिला. अशा गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचं ऑइल लागतं. जीएल-५ हे ऐकायला वरच्या दर्जाचं वाटतं, पण त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना बाधू शकतात. महाग ते चांगलंच असं नाही. बाजूच्या भोकातून ऑइल बाहेर ओघळेपर्यंत भरायचं आणि बोल्ट लावायचा. शेवटी क्लचचं पॅडल बोटभर मोकळं राहील अशी केबल कसली.

मगरिबची अजान झाली तेव्हा दोघं नमाजला उठले, कोपरापर्यंत काळे हात घेऊन. वजूआधी रॉकेल आणि साबणाने दहा मिनिटं हात घासावे लागले. रात्री साडेनऊला गाडी सुरू झाली. पुन्हा कासारसाईच्या चढावर नेली. दुसरा गिअर टाकला, जोर दिला, पाय सोडला. गिअर जागेवर राहिला. शुक्रवारी पहाटे सव्वासहाला अम्मी वेळेवर पोहोचली, अल्हम्दुलिल्लाह.

हिशोब सांगते, म्हणजे कोणाला उपयोग होईल. दांडीचे बुश ४५० रुपये, गिअरबॉक्स ७,०००, क्लचचा संच २,३००, सीलं ३५०, ऑइल ९००, मजुरी ३,५००. एकूण १४,५०० रुपये. आरसीवर इंजिन नंबर आणि चेसिस नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे आरटीओत नोंद बदलावी लागली नाही. तरीही जुन्या भागाचं बिल जपून ठेवावं. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते, १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी बरीच वाढली आहे, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. हा खर्च धरूनच जुनी गाडी ठेवायची की नाही ते ठरवावं. पत्रा खालून कुजला असेल, तर नुसत्या गिअरबॉक्सवर पैसे घालण्यात अर्थ नाही. आमच्या गाडीचा पत्रा उस्तादांनी आधी ठोकून पाहिला होता.

उस्तादांनी हिशोब वहीत लिहून दिला, उर्दूत. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकलेले, पुढे शाळा सुटली. ‘गिअर’ हा शब्द त्यांनी गाफ, ये, रे असा लिहिला होता. गॅरेजचं बिल मी आयुष्यात पहिल्यांदा उर्दूत वाचलं. मी वाचत असताना ते म्हणाले, ‘आपा, हात को सब आता है. किताब नहीं आती. नई गाड़ी में कंप्यूटर लगाते हैं, तब मैं बाजू हो जाता हूँ.’

हे वाक्य मला भाच्याच्या वडिलांना ऐकवावंसं वाटलं आणि मी ऐकवलं. भाचा बारावी सायन्सला जेमतेम पास झाला आणि तेव्हापासून घरी बसून होता. त्याला मोटर मेकॅनिकचा ट्रेड घ्यायचा होता. आमचे भाईजान म्हणत, ‘मिस्त्री करायचा होता तर बारावीपर्यंत फी कशाला भरली?’ हे आपल्या पुष्कळ घरांत बोललं जातं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की मुस्लिम कामगार पगारी नोकऱ्यांत कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि वाहनांची विक्री-दुरुस्ती हे त्यांचं प्रमाण जास्त असलेल्या क्षेत्रांपैकी एक. म्हणजे हा हुनर आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण बहुतेकांचा तो उस्तादांसारखाच, प्रमाणपत्राशिवायचा. कर्ज, कंपनीतली नोकरी, नव्या गाड्यांचं प्रशिक्षण, या सगळ्यांच्या दारात कागद मागतात.

आणि गाड्याही बदलत आहेत. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत बदलायचे गिअरच नाहीत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावी पास मुलाला चालतो. आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल असाही ट्रेड आहे. पुण्यात औंधला मोठी शासकीय आयटीआय आहे. मी भाईजानना एवढंच म्हटलं, ‘त्या गुरुवारी ह्याने प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर लिहून ठेवला. उस्तादांचा हात आणि ही लिहायची सवय एकत्र आली तर काय होईल, बघा.’ ते लगेच हो म्हणाले नाहीत. पण प्रवेशाचा अर्ज भरायच्या दिवशी मुलासोबत गेले, हे मी पाहिलं.

जुना गिअरबॉक्स भंगारात चारशेला जात होता. मी दिला नाही. भाच्याने तो रॉकेलने धुतला, एका बाजूचं झाकण काढलं आणि प्रत्येक गिअरवर उर्दू आणि मराठी अशा दोन्ही लिपींत नावाची चिठ्ठी लावली. आता तो आमच्या शाळेच्या विज्ञान खोलीत टेबलावर आहे. मुलं आतला शाफ्ट फिरवतात आणि मोजतात. पहिल्या गिअरला आतला साडेतीनेक वेळा फिरतो तेव्हा बाहेरचा एकदा. चौथ्याला जवळजवळ बरोबरीने. गणिताच्या बाई आता गुणोत्तराचा धडा तिथेच घेतात. सातवीतल्या एका मुलीने दुसरा गिअर हातात धरला, गोल झालेल्या दातांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, ‘टीचर, हा एवढा झिजेपर्यंत किती वेळा दवाखान्यात गेला असेल?’ मी तिला आठवड्याच्या दोन खेपा आणि वर्षाचे बावन्न आठवडे सांगितले. ती वही काढून गुणाकार करायला बसली.